बीओडी कमी, तरीही कोलिफॉर्म हजारोंत : नदीच्या पाण्याचा अहवाल वाचायचा कसा?

प्रश्न – नीलधारा

आमचा छोटा गट नदीच्या एका टप्प्यातील पाण्याचे नमुने घेतो आणि ते मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून तपासून घेतो. या टप्प्याच्या मधोमध सांडपाणी प्रक्रिया केंद्राचे पाणी नदीला मिळते. त्यामुळे एक नमुना त्या मुखाच्या वरच्या अंगाला आणि दुसरा खालच्या अंगाला, दोन्ही पाणी पुरेसे मिसळले असेल अशा ठिकाणी, घेतला जातो. कोरड्या दिवसांतील ताज्या अहवालात खालच्या नमुन्याची बीओडी (सेंद्रिय घाण कुजवायला लागणारा ऑक्सिजन) दर लिटरला ४ मिलिग्रॅम आणि विरघळलेला ऑक्सिजन साडेसहा मिलिग्रॅम होता. पाणी नितळ दिसत होते आणि त्याला वासही नव्हता. तरीही त्याच नमुन्यात फीकल कोलिफॉर्मची, म्हणजे विष्ठेची खूण मानल्या जाणाऱ्या जिवाणूंची, संख्या दर १०० मिलिलीटरला ९,२०० एमपीएन (सर्वाधिक संभवनीय संख्या) निघाली. वरच्या नमुन्यात ती ३४० होती. पुढे जोराचा पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशीच्या नमुन्यात वरच्या अंगालाही १६,००० हा आकडा आला. तिथे आमच्या माहितीप्रमाणे एकही गटार नदीला मिळत नाही.

यावरून गटात मतभेद आहेत. काहींच्या मते बीओडी इतकी कमी असताना जिवाणूंचा आकडा चुकीचा असला पाहिजे आणि प्रयोगशाळा बदलावी. काहींच्या मते पावसानंतरचा आकडा अपवाद म्हणून वगळावा. एक सदस्य ठामपणे म्हणतात की वाहते पाणी काही अंतरावर आपोआप शुद्ध होते, त्यामुळे खालच्या गावांनी काळजी करण्याचे कारण नाही. प्रक्रिया केलेल्या पाण्यात एवढे जिवाणू कसे उरतात, आमच्या आकड्यांपैकी कोणता खरा मानावा, आणि हे जिवाणू माणसांचे आहेत की जनावरांचे हे कसे ओळखावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर – मैलापाणी_अभियंता

प्रयोगशाळा बदलण्याची घाई करू नये. आपल्या दोन्ही आकड्यांमध्ये विसंगती नाही, कारण ते दोन वेगळ्या गोष्टी मोजतात. बीओडी म्हणजे पाण्यातील सेंद्रिय द्रव्य कुजवताना सूक्ष्मजीवांना लागणारा ऑक्सिजन. फीकल कोलिफॉर्म गटातील मुख्य जिवाणू म्हणजे ई. कोलाय. त्याच्या एका पेशीचे वजन साधारणपणे १ ग्रॅमच्या १ लाख कोटीव्या भागाइतके असते. १०० मिलिलीटरला १ लाख जिवाणू म्हणजे लिटरला १० लाख. त्या सर्वांचे मिळून वजन भरते १ मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागाएवढे. जी चाचणी १-२ मिलिग्रॅमचा फरक जेमतेम दाखवते, तिला हे जिवाणू दिसणारच नाहीत. पाणी बीओडीच्या दृष्टीने उत्तम आणि जिवाणूंच्या दृष्टीने अत्यंत वाईट असू शकते, आणि प्रत्यक्षात असे पाणी सर्रास आढळते.

आता जिवाणू उरतात कसे ते पाहू. कच्च्या घरगुती सांडपाण्यात दर १०० मिलिलीटरला ई. कोलाय साधारण १० लाख ते १ कोटी, कधी त्याहूनही जास्त असतात. प्राथमिक निवळण आणि त्यानंतरची जैविक प्रक्रिया, म्हणजे सक्रिय गाळ पद्धत किंवा तत्सम काही, यांतून ९० ते ९९ टक्के जिवाणू कमी होतात. ९९ टक्के ऐकायला समाधानकारक वाटते, परंतु १ कोटीचे ९९ टक्के गेले तरी मागे १ लाख उरतात. नदीने त्यात दहापट पाणी मिसळले तर १० हजार. आपला ९,२०० हा आकडा या हिशेबात इतका चपखल बसतो की, केंद्राची जैविक प्रक्रिया व्यवस्थित चालू आहे, पण शेवटचा निर्जंतुकीकरणाचा टप्पा एकतर नाही, किंवा आहे आणि बंद आहे, अशी माझी पहिली शंका राहील. म्हणूनच या क्षेत्रात टक्केवारीपेक्षा दहाच्या घातांत बोलतात: ९० टक्के घट म्हणजे एक लॉग, ९९ टक्के म्हणजे दोन, ९९.९९ टक्के म्हणजे चार. कच्च्या सांडपाण्यातील १ कोटी १ हजारावर आणायचे तर चार लॉग हवेत, आणि जैविक प्रक्रिया त्यांतले जेमतेम दोन देते.

उरलेले दोन लॉग क्लोरीन, अतिनील किरण, ओझोन किंवा निवांत उथळ तळी यांपैकी कशाने तरी मिळवावे लागतात. क्लोरीन स्वस्त असतो, पण पाण्यात अमोनिया असेल तर त्याचे क्लोरामाइन बनते आणि त्याची मारकशक्ती बरीच कमी असते. शिवाय उरलेला क्लोरीन माशांना घातक असल्याने नदीत सोडण्यापूर्वी तो सल्फर डायऑक्साइड किंवा सोडियम बायसल्फाइटने काढून टाकावा लागतो. अतिनील दिव्यांना हा त्रास नाही. परंतु पाण्यात तरंगते कण जास्त असतील तर जिवाणू त्या कणांच्या आड सुरक्षित राहतात आणि दिव्याच्या काचनळीवर थर चढला की किरण पाण्यापर्यंत पोहोचतच नाहीत. अशा वेळी नियंत्रण कक्षात दिवे चालू असल्याची नोंद असते आणि तरीही बाहेर पडणाऱ्या पाण्यात जिवाणू असतात. उथळ तळ्यांत ऊन, शैवालामुळे वाढणारा सामू आणि काही आठवड्यांचा अवधी मिळून हेच काम करतात. त्यांना वीज लागत नाही, जागा मात्र भरपूर लागते.

केंद्राकडे माहिती मागताना 'पाणी मानकांप्रमाणे आहे का' असे मोघम विचारू नका. बाहेर पडणाऱ्या पाण्यातील ई. कोलाय किंवा फीकल कोलिफॉर्मच्या नोंदी आणि निर्जंतुकीकरण यंत्रणा कोणत्या तारखांना बंद होती याची माहिती मागा. मुखाच्या वरच्या अंगाचा पावसानंतरचा आकडा केंद्राच्या माथी मारता येणार नाही, हे उघड आहे. केंद्राचे मूल्यमापन करताना तो बाजूला ठेवावा.

उत्तर – पेट्रीपात्र

वरील विवेचनाशी मी सहमत आहे, फक्त शेवटच्या वाक्याबद्दल मला थोडे वेगळे म्हणायचे आहे; त्याकडे नंतर येतो. आधी एमपीएन या आकड्याविषयी, कारण तो जेवढा नेमका दिसतो तेवढा नसतो.

एमपीएन ही मोजणी नव्हे, तो संभाव्यतेवरून काढलेला अंदाज आहे. नमुना वेगवेगळ्या प्रमाणात सौम्य करून प्रत्येक प्रमाणाच्या पाच-पाच नळ्यांत पोषक द्रावणाबरोबर ठेवतात आणि किती नळ्यांत वायू तयार झाला हे पाहून तक्त्यातून 'सर्वाधिक संभवनीय संख्या' काढतात. पाच नळ्यांच्या पद्धतीत ९२० हे उत्तर आले तर खरी संख्या साधारणपणे ३०० ते ३,००० यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. म्हणजे तुमचे ९,२०० हे ३ हजार असू शकतात किंवा ३० हजारही. त्यामुळे 'गेल्या महिन्यात ९,२०० होते, या महिन्यात ५,४०० आहेत, म्हणजे सुधारणा झाली' असा निष्कर्ष काढू नये. मात्र ३४० आणि ९,२०० यांतील फरक या अनिश्चिततेत मावणारा नाही. तो खराच आहे. नमुना ०.४५ मायक्रॉन छिद्रांच्या गाळणीतून गाळून तिच्यावर उगवलेल्या वसाहती मोजण्याची पद्धत अधिक नेमकी असते, पण पाणी गढूळ असेल तर गाळणी तुंबते, आणि नेमक्या पावसाळी नमुन्यांच्या वेळीच तिचा उपयोग कमी होतो.

दुसरा मुद्दा फीकल कोलिफॉर्म आणि ई. कोलाय यांतील भेदाचा. ४४.५ अंश सेल्सिअसला लॅक्टोज आंबवून वायू निर्माण करणारे ते फीकल कोलिफॉर्म, अशी ही व्याख्या तापमानावर आधारलेली आहे. या तापमानाला तग धरणाऱ्या क्लेब्सिएला वंशाच्या काही जाती विष्ठेशी संबंध नसतानाही वाढतात. कागद गिरण्या आणि साखर कारखाने यांच्या सांडपाण्यात त्या मुबलक आढळतात. ई. कोलाय मात्र, थिओडोर एशेरिश यांनी १८८५ मध्ये अर्भकांच्या विष्ठेतून प्रथम वर्णन केल्यापासून, उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या आतड्याशी घट्ट जोडला गेलेला जिवाणू आहे. तो बीटा-ग्लुकुरोनिडेज नावाचे विकर तयार करतो. त्या विकरामुळे विशिष्ट द्रावण अतिनील प्रकाशात निळे चमकते आणि एका दिवसात उत्तर मिळते. खर्च परवडत असेल तर प्रयोगशाळेला फीकल कोलिफॉर्मऐवजी ई. कोलाय मोजून मागावे. पाणी खारे किंवा मचूळ असेल तर एन्टरोकोकाय हे आतड्यातील दुसरे जिवाणू मोजावेत, कारण ते मिठाला जास्त काळ तोंड देतात. दोन्ही जिवाणू बहुतांशी स्वतः आजार आणत नाहीत. त्यांच्यासोबत विष्ठेतून टायफॉइड, कॉलरा, हगवण यांचे जंतू, नोरोव्हायरस, कावीळ अ चे विषाणू आले असण्याची शक्यता ते दाखवतात. रोगजंतू विरळ आणि नाना प्रकारचे असल्याने त्यांना एकेक करून शोधण्यापेक्षा त्यांच्या सोबत्याची गणती करणे शहाणपणाचे ठरते.

आता 'खरा आकडा कोणता' या प्रश्नाकडे. एकटा कोणताच नाही. जिवाणूंची संख्या एका दिवसात शंभर पटीने बदलू शकते, म्हणून साधी सरासरी दिशाभूल करते आणि भौमितिक सरासरी घेतात, म्हणजे आकड्यांची बेरीज करून भागण्याऐवजी त्यांचा गुणाकार करून जितके आकडे तितके मूळ काढतात. उदाहरणार्थ ८०, १२०, ९५, ४,००० आणि ११० या पाच नमुन्यांची साधी सरासरी ८८१ येते, भौमितिक सरासरी सुमारे २०९. पहिली सरासरी एका वाईट दिवसाच्या ओझ्याखाली दबलेली आहे. दुसरी नेहमीच्या स्थितीच्या जवळ आहे, पण तो वाईट दिवस ती जवळजवळ लपवते. हा पेच टाळण्यासाठी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१२ मध्ये पोहण्याच्या गोड्या पाण्यासाठी ई. कोलायच्या दोन मर्यादा एकत्र सुचवल्या: १०० मिलिलीटरला भौमितिक सरासरी १२६ पेक्षा जास्त नसावी, आणि दहा टक्क्यांपेक्षा जास्त नमुने ४१० च्या वर नसावेत. युरोपीय संघाचा २००६ चा स्नानजल निर्देश चार हंगामांचे आकडे एकत्र घेऊन टक्केवारीने वर्ग ठरवतो. अंतर्देशीय पाण्यात ९५ टक्के नमुन्यांत ई. कोलाय ५०० पर्यंत असतील तर 'उत्कृष्ट', १,००० पर्यंत असतील तर 'चांगले'.

म्हणूनच पावसानंतरचा १६,००० वगळण्याला माझा विरोध आहे. केंद्राचे मूल्यमापन करण्यापुरता तो बाजूला ठेवा, हे मान्य. पण नदीत उतरणाऱ्या माणसाला केंद्राचे मूल्यमापन करायचे नसते. ज्या दिवशी तो पाण्यात उतरला त्या दिवशी पाण्यात काय होते एवढेच त्याच्यासाठी महत्त्वाचे. नको असलेले आकडे अपवाद म्हणून काढून टाकण्याची सवय एकदा लागली की उरते ती फक्त चांगल्या हवामानाची नदी.

उत्तर – जुनी_वही

'वाहते पाणी आपोआप शुद्ध होते' या मताचा इतिहासच पुष्कळ सांगतो. १८९२ मध्ये जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात कॉलराची साथ आली आणि सुमारे ८,६०० माणसे मेली. हॅम्बुर्ग एल्बे नदीचे पाणी न गाळता नळाने पुरवत होते. त्याला लागूनच असलेले आल्टोना हे शहर नदीच्या खालच्या अंगाला, म्हणजे हॅम्बुर्गची घाण मिसळल्यानंतरचे पाणी घेत होते आणि तरीही तिथे साथ तुलनेने फारच सौम्य राहिली, कारण आल्टोना ते पाणी वाळूच्या संथ गाळण्यांतून गाळत होते. जिवाणूशास्त्रज्ञ रोबर्ट कोख यांनी तर दाखवून दिले की दोन शहरांच्या सीमेवरील एकाच रस्त्यावर एका बाजूच्या घरांत रोगी होते आणि दुसऱ्या बाजूच्या घरांत नव्हते. फरक फक्त नळाचा होता. नदीने काही अंतरात स्वतःला पुरेसे शुद्ध केले असते तर आल्टोनाला गाळण्यांची गरज पडली नसती.

नदीत जिवाणू मरतात हे खरे आहे. ऊन, उपासमार, त्यांना खाणारे आदिजीव, सारे काही त्यांच्या विरुद्ध असते. पण किती वेगाने मरतात आणि तेवढ्या वेळात पाणी कुठवर पोहोचते, हा हिशेब कोणी करत नाही. सेकंदाला अर्धा मीटर वेगाने वाहणारे पाणी एका दिवसात ४३ किलोमीटर जाते. गढूळ पाण्यात, जिथे ऊन खोलवर पोहोचत नाही, ९० टक्के जिवाणू मरायला दोन दिवस लागतात असे धरले तर ८६ किलोमीटरवर ९,२०० चे ९२० होतील, आणि तेही वाटेत दुसरे एकही गटार मिळाले नाही तर. उथळ, नितळ पाण्यात भर उन्हात हेच काम काही तासांत होते. विषाणू आणि क्रिप्टोस्पोरिडियमसारख्या आदिजीवांचे कोष तर जिवाणूंपेक्षा कितीतरी जास्त टिकतात. म्हणजे मोजलेला जिवाणू नाहीसा झाला तरी न मोजलेला जंतू पाण्यात असू शकतो. १९९३ मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी शहरात सुमारे ४ लाख लोक क्रिप्टोस्पोरिडियमने आजारी पडले ते नळाच्या, क्लोरीन घातलेल्या पाण्याने.

पावसाबद्दल अलीकडचे उदाहरण पॅरिसचे आहे. सीन नदीत पोहण्यावर १९२३ पासून बंदी होती. २०२४ च्या ऑलिंपिकसाठी नदी स्वच्छ करण्याकरिता सुमारे १४० कोटी युरो खर्च झाले. पावसाचे आणि मैल्याचे मिसळलेले पाणी नदीत सांडू नये म्हणून ५० हजार घनमीटरची भूमिगत टाकी बांधली गेली. तरीही पावसामुळे पुरुषांची ट्रायथलॉन एक दिवस पुढे ढकलावी लागली. ती स्पर्धा झाली आणि २०२५ च्या उन्हाळ्यात सामान्य लोकांसाठीही नदीत पोहण्याची ठिकाणे उघडली, हे श्रेय द्यायलाच हवे. पण एवढ्या खर्चानंतरही पाऊस पडला की पाणी तपासूनच निर्णय घ्यावा लागतो.

प्रतिसाद – नीलधारा

सविस्तर उत्तरांबद्दल सर्वांचे आभार. केंद्राकडे निर्जंतुकीकरणाच्या नोंदी मागण्याचे आम्ही ठरवले आहे. दोन शंका उरतात. वरच्या अंगाला एकही गटार नसताना पावसानंतर १६,००० कुठून आले असावेत? त्या भागात जनावरे नदीवर येतात, त्यामुळे गटातील काहींना हे शेणाचे वाटते. एका जुन्या पुस्तकात फीकल कोलिफॉर्म आणि फीकल स्ट्रेप्टोकोकाय (विष्ठेतील जिवाणूंचा आणखी एक गट) यांचे गुणोत्तर ४ पेक्षा जास्त असेल तर माणसांचे आणि ०.७ पेक्षा कमी असेल तर जनावरांचे, असे दिले आहे. ते वापरावे का? आणि काठावरील उथळ विहिरींचे पाणी पिण्यास वापरले जाते, तिथेही हे जिवाणू पोहोचतात का?

उत्तर – पेट्रीपात्र

ते गुणोत्तर वापरू नये. १९६० च्या दशकात ते लोकप्रिय होते, परंतु दोन्ही गटांतील जिवाणू पाण्यात वेगवेगळ्या वेगाने मरतात. त्यामुळे ताज्या मैल्याचे गुणोत्तर नदीत काही काळ राहिल्यावर आपोआप बदलते आणि मूळ स्रोत चुकीचा दिसतो. प्रमाण पद्धतींच्या पुस्तकांनी त्याची शिफारस केव्हाच मागे घेतली आहे.

आज खात्रीशीर उत्तर हवे असेल तर आतड्यातील बॅक्टेरॉइडीस जिवाणूंच्या डीएनएतील यजमानविशिष्ट खुणा पीसीआरने शोधतात. 'एचएफ१८३' ही खूण माणसांच्या मैल्यासाठी सर्वाधिक वापरली जाते. रवंथ करणाऱ्या जनावरांसाठी वेगळ्या खुणा आहेत. या चाचण्या महाग असतात आणि मेलेल्या जिवाणूंचा डीएनएही पकडतात, म्हणून क्लोरीन घातलेल्या पाण्याबाबत त्यांचा अर्थ जपून लावावा लागतो. त्यापेक्षा स्वस्त मार्ग रासायनिक खुणांचा आहे. कपडे धुण्याच्या पावडरीत पांढरेपणासाठी घातलेली चमकद्रव्ये अतिनील प्रकाशात निळसर उजळतात. स्वच्छ, न रंगवलेल्या सुती कापडाचा किंवा कापसाचा तुकडा काही दिवस प्रवाहात ठेवून नंतर अंधारात अतिनील दिव्याखाली पाहिला तर घरगुती सांडपाणी येते आहे का याचा प्राथमिक अंदाज येतो. सुक्रालोज हा कृत्रिम गोडवा तर शरीरातून जवळजवळ न बदलता बाहेर पडतो आणि प्रक्रिया केंद्रातूनही बहुतांशी तसाच सुटतो. जनावरे कपडे धूत नाहीत आणि गोडव्याच्या गोळ्या घालून चहाही पीत नाहीत, एवढाच या चाचण्यांचा तर्क.

१६,००० च्या स्रोताबद्दल तीन शक्यता तपासाव्यात. पहिली, शेण: पहिल्या जोराच्या सरीबरोबर काठावरचे साठलेले शेण एकदम वाहून येते. दुसरी, नदीचा तळ: ई. कोलाय गाळात आठवडेच्या आठवडे जिवंत राहतात आणि तळाच्या गाळातील त्यांची संख्या वरच्या पाण्याच्या शेकडो पट असू शकते. पूर आला की तो गाळ ढवळला जातो आणि ताजा मैला एक थेंबही न येता आकडा वर जातो. उष्ण, दमट प्रदेशात तर काठावरच्या मातीतही हे जिवाणू टिकून वाढतात. हवाई बेटांवर हे प्रथम ठळकपणे लक्षात आले आणि तिथे पर्यायी निर्देशक म्हणून क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स हा जिवाणू वापरण्यात आला. तिसरी शक्यता मात्र मला सर्वांत आधी तपासावीशी वाटते, ती म्हणजे तुम्हाला माहीत नसलेले गटार. पावसाळी नाल्यांना चोरून किंवा चुकून जोडलेल्या मैलावाहिन्या आणि पंपघरांची आपत्कालीन तोंडे कोणत्याही नकाशावर नसतात.

ती शोधण्यासाठी उपकरण लागत नाही. सलग काही दिवस पाऊस नसताना सकाळी, घरांतून पाणी सर्वाधिक सुटण्याच्या वेळी, काठाने चालत जा. पावसाळी नाल्यातून त्या वेळी पाणी वाहत असेल तर ते पावसाचे नाही. तोंडाशी करडा, लोंबता शेवाळासारखा थर असेल तर तो सांडपाण्यावर वाढणाऱ्या जिवाणूंचा असतो. कागदाचे आणि चिंध्यांचे तुकडे तिथल्या झुडपांना पुराच्या पातळीवर अडकलेले दिसले, तर पुराच्या वेळी मैलावाहिनी तिथूनच फुटून वाहते असे समजावे.

शेणाचे असेल तर निश्चिंत राहता येईल, असेही नाही. ई. कोलायचा ओ१५७ हा आजार आणणारा प्रकार, कॅम्पायलोबॅक्टर हा रोगजंतू आणि क्रिप्टोस्पोरिडियम गुरांकडूनही येतात.

उत्तर – भूजल_वाचक

विहिरींबद्दल लिहितो. माती हा उत्तम गाळणारा थर आहे, पण काही अटींवर. शोषखड्ड्याचा किंवा सेप्टिक टाकीचा निचरा आणि भूजलाची पातळी यांच्यामध्ये कोरड्या, बारीक कणांच्या मातीचा पुरेसा थर असेल तर बहुतेक जिवाणू त्यातच अडकून मरतात. भूजल वर आले आणि तो कोरडा थर उरला नाही की गाळणे जवळजवळ थांबते; पावसाळ्यात विहिरी दूषित होण्यामागे हे एक मोठे कारण असते. भेगाळलेला खडक किंवा चुनखडीचा प्रदेश असेल तर पाणी गाळले न जाता भेगांतून थेट विहिरीत येते आणि सुरक्षित अंतराचे ठोकताळे तिथे निरुपयोगी ठरतात. विषाणू जिवाणूंपेक्षा कितीतरी लहान असल्याने मातीतून त्याहून दूर जातात.

नदीकाठच्या विहिरीत उपसा जास्त असेल तर प्रवाह उलटतो, म्हणजे भूजल नदीकडे जाण्याऐवजी नदीचे पाणी विहिरीकडे ओढले जाते. वाळूचा जाड काठ असेल तर हे वरदान ठरते आणि अनेक शहरे मुद्दाम असे काठगाळलेले पाणी घेतात. दगडगोट्यांचा काठ असेल तर मात्र ती नदीच समजावी. पावसानंतर एक-दोन दिवसांत विहिरीचे पाणी गढूळ होत असेल किंवा तिचे तापमान नदीप्रमाणे बदलत असेल, तर दोन्हींचा सरळ संबंध आहे असे मानावे.

कॅनडातील वॉकर्टन येथे मे २००० मध्ये अशाच एका उथळ विहिरीत जोराच्या पावसानंतर शेणखत वाहून गेले. क्लोरीन पुरेसा घातला जात नव्हता. दोन हजारांहून अधिक लोक आजारी पडले आणि सात जण दगावले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलीटर नमुन्यात ई. कोलाय आढळता कामा नये. तिथे भौमितिक सरासरी वगैरे काही नाही. तुमच्या विहिरींचे नमुने येईपर्यंत पाणी खळखळून उकळून पिण्याची सूचना द्यावी. तुरटीने पाणी नितळ होते आणि काही जंतू गाळाबरोबर खाली बसतात, पण ते निर्जंतुक होत नाही.

उत्तर – मैलापाणी_अभियंता

पावसाळी आकड्याबद्दल 'पेट्रीपात्र' यांचे म्हणणे मला मान्य आहे. दोन हिशेब वेगळे ठेवावेत, एक केंद्रासाठी आणि एक नदीत उतरणाऱ्यांसाठी. नमुने घेण्याच्या पद्धतीबद्दल थोडे जोडतो, कारण चांगल्या प्रयोगशाळेचे काम बाटलीपाशीच बिघडू शकते.

बाटली निर्जंतुक असावी. केंद्राच्या मुखाशी नमुना घेताना तिच्यात सोडियम थायोसल्फेट असावे, नाहीतर उरलेला क्लोरीन वाटेत जिवाणू मारत राहतो आणि पाणी आहे त्याहून चांगले दिसते. बाटली प्रवाहाच्या उलट दिशेने धरून, पृष्ठभागाखाली वीतभर खोल भरावी, कारण वरचा तवंग आणि तळाचा गाळ दोन्ही नकोत. नमुना बर्फाच्या पेटीत १० अंशांखाली ठेवून सहा ते आठ तासांत प्रयोगशाळेत तपासणीला लागला पाहिजे. दोन्ही ठिकाणचे नमुने नेहमी एकाच वेळेच्या सुमारास घ्यावेत. उन्हामुळे त्याच जागी सकाळचा आकडा दुपारच्या आकड्यापेक्षा बराच जास्त येऊ शकतो आणि सकाळी वर, दुपारी खाली असे नमुने घेतल्यास केंद्राचे पाणी विनाकारण निर्दोष ठरेल. शक्य असेल तर तिसरा नमुना थेट मुखातून घ्यावा. तो १ लाखाच्या आसपास आला तर निर्जंतुकीकरण होत नाही हे वेगळे सिद्ध करण्याची गरजच उरणार नाही.

पावसासाठी वेगळी मालिका ठेवावी: जोराचा पाऊस थांबल्यावर पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आणि पाचव्या दिवशी, त्याच जागी, त्याच वेळी. कॅलिफोर्नियातील किनाऱ्यांवर पावसानंतर तीन दिवस पाण्यात न उतरण्याची सूचना दिली जाते. तुमच्या टप्प्यात पाणी पुन्हा ३४० च्या आसपास यायला तीन दिवस पुरतात की गाळामुळे जास्त लागतात, हे या मालिकेवरून कळेल. ते कळेपर्यंत घाटावर लावायच्या फलकावर 'पावसानंतर पाच दिवस पाण्यात उतरू नये' असे लिहावे.